सोसायटीचा सीपीयू आणि काकूंची नोंद

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण सोसायटीत राहत असाल तर वाचाच.

जुलैच्या पावसात आमच्या वडाळ्याच्या सोसायटीच्या ऑफिसात वीतभर पाणी शिरलं. सीपीयू टेबलाखाली, जमिनीवर. मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क वरच्या खणात म्हणून वाचली. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या रजिस्टरांचा मात्र लगदा झाला.

नेमकी तेव्हाच रिडेव्हलपमेंटसाठी सभासदांची यादी द्यायची होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नावाला दीरांनी हरकत घेतली होती. काकांनी 2011 साली काकूंच्या नावे नॉमिनेशन दिलं होतं, कमिटीच्या सभेत ते नोंदवलंही होतं. (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. वकील मित्रांनी कमेंटमध्ये सुरू होऊ नये.) पण नोंदच हाती नसेल तर सुरुवात कुठून करायची? "अरे, तुझ्यासमोरच यांनी फॉर्म दिला होता ना?" काकू विचारत होत्या. दिला होता. पण माझ्या आठवणीवर कोण शिक्का मारणार?

सभांची इतिवृत्तं त्या डिस्कवर होती, पण साध्या फाइलींत नव्हती. हिशेबाच्या एका जुन्या सॉफ्टवेअरच्या पोटात होती आणि ते बनवणारे कधीच दुकान बंद करून गेलेले. डिस्क लॅपटॉपला जोडून फाइल उघडली तर नुसती चिन्हांची खिचडी. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये. म्हणजे नुसता डेटा काढून भागणार नव्हतं, ती अख्खी विंडोज 7 दुसऱ्या मशीनवर उठवायला हवी होती.

पहिलं काम मी केलं ते डिस्कची हुबेहूब कॉपी काढण्याचं. मूळ डिस्क पिशवीत घालून ठेवली, पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर. एका सभासदाच्या मुलाने अडगळीतला जुना पीसी दिला. डिस्क बसवली, बटण दाबलं. विंडोजचं चिन्ह आलं, निळा पडदा क्षणभर चमकला, मशीन पुन्हा सुरू. पुन्हा तेच. चार वेळा. कमिटीतले एक जण म्हणाले, "सोडून दे, डिस्क खराब झाली असेल."

डिस्क ठणठणीत होती. विंडोज बसवताना ती त्या मशीनपुरते ड्रायव्हर चालू ठेवते. आमच्या जुन्या मशीनवर डिस्क आयडीई पद्धतीने जोडलेली होती, या पीसीत एएचसीआय लावलेलं. त्यामुळे सुरू होता होता विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेना. बायॉसमध्ये जाऊन ती एक सेटिंग बदलली आणि पडद्यावर सोसायटीचा गणपतीचा वॉलपेपर उगवला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

मग लायसन्सची कटकट. कंपनीने मशीनसोबत दिलेली विंडोज त्याच मशीनशी बांधलेली असते, दुसऱ्या बोर्डवर ती कुरकुरणारच. आम्हाला ती कायम वापरायची नव्हतीच. शिवाय विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट 2020 च्या जानेवारीतच थांबलेत, म्हणून नेट काढून टाकलं. सॉफ्टवेअर उघडलं, 2011 ची सभा सापडली. काकांचं नाव, काकूंचं नाव, ठराव. रात्री दोनपर्यंत बसून सगळ्या वर्षांच्या पीडीएफ काढल्या.

आता काळजीची गोष्ट. हे जमलं कारण मशीन जुनं होतं. आजच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद येते आणि किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते. बोर्ड गेला, डिस्क दुसरीकडे लावली, की 48 आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या सोसायटीत, वाचनालयात, पतपेढीत कुणाकडे आहे? बऱ्याचदा ती तीन वर्षांपूर्वीच्या सेक्रेटरींच्या खासगी ईमेल खात्यात पडलेली असते आणि ते आता डोंबिवलीला राहायला गेलेले असतात. विंडोज 10 चा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, त्यामुळे जुनी मशीनं बदलण्याची घाई सगळीकडे आहे. भंगारवाल्याला सीपीयू देण्याआधी आत काय आहे ते बघा. किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा, वरच्या कप्प्यात.

त्या वेळच्या सेक्रेटरींनी येऊन प्रिंटवर सही केली. काकूंचा अर्ज गेलाय, सुनावणी व्हायची आहे.

नवा सीपीयू आता कपाटावर ठेवलाय. त्यासाठी गणपतीच्या मखराचं सामान खाली उतरवावं लागलं, त्यावरून कमिटीत वेगळंच भांडण चालू आहे.