चार नद्यांचा माथा

बीड जिल्ह्याचा उतार मोटारीतून कळत नाही. धुळे-सोलापूर महामार्गावरून भरधाव जाणाऱ्याला एक घाट लागतो, काही ढाबे लागतात, उघडेबोडके डोंगर मागे पडतात आणि त्यानं मनाशी आधीच मारून ठेवलेला ‘दुष्काळी’ हा शिक्का तसाच राहतो. सायकलवर बसलेल्याला मात्र हा जिल्हा पोटऱ्यांतून कळायला लागतो. रस्ता डोळ्यांना सपाट दिसत असतो आणि पायडल जड होतं. चढ लागलेला असतो. पायडल हलकं होतं, कानांत वारा भरतो आणि थोड्याच वेळात ओढ्यावरची मोरी येते. चढ संपतो तिथून पाणी दोन अंगांना जातं, उतार संपतो तिथं ते भेटतं. बालाघाटाचा सगळा भूगोल एवढ्यात आला.

या रपेटीचा खरा हंगाम म्हणजे भाद्रपद सरत आलेला आणि आश्विन लागलेला. पावसाळाभर पश्चिमेकडून येणारं वारं माथ्यावर सायकलला मागं रेटत असतं, ते आता पडलेलं असतं. बाजरी काढणीला येते, तूर कमरेला लागते, कापसाची पहिली बोंडं फुटतात. बांधांवर तरवडाची पिवळी फुलं असतात आणि माळावरचं गवत पिकून त्याची कुसळं पायमोज्यांत शिरतात. मराठवाड्यात हिरवा रंग फार दिवस मुक्कामाला नसतो. जेवढे दिवस असतो, तेवढ्यात तो बघून घ्यावा लागतो.

बीडमधून उजाडताना निघावं. सोलापूर रस्त्याला लागलं की शहर संपता संपता खजाना विहीर येते. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं ती बांधवून घेतली. विहिरीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर सकाळचा गारवा असतो आणि खाली पाण्याच्या कडेला बोगद्यांची तोंडं दिसतात. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून ते पुढं शेतांकडं जातं. ना मोट, ना पंप. जमिनीच्या पोटात हिशेबानं दिलेल्या उतारावर पाणी आपल्या पायानं चालत जातं. ज्यांनी हे खणलं त्यांना इथला चढ-उतार बोटभर अंतरानं ठाऊक असला पाहिजे. सायकलस्वाराला तो ढोबळ कळतो, पण त्याची जात तीच.

पुढं पाली येतं आणि बिंदुसरेचा तलाव. चांगल्या पावसाच्या साली तलाव भरला की सांडव्यावरून पाणी सुटतं आणि बीडकर पोराबाळांना घेऊन ते बघायला येतात. हीच बिंदुसरा शहराच्या मधून वाहते. जुलै १९८९ मध्ये तिला आलेला पूर ज्यांनी पाहिला ती माणसं आजही तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. एरवी वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात पाण्याची धारही नसते. पाणी इथं एक तर वाट पाहायला लावतं, नाही तर अंगावर येतं. मधला निवांतपणा फार थोडा, आणि तोही या दिवसांतच.

पालीच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट. इथं ट्रकांची रांग असते, म्हणून तो ऊन चढायच्या आत संपवावा. घाटात घाई चालत नाही. रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून, श्वास मोजत, एकेक वळण मागं टाकायचं. दोन्ही अंगांना काळ्या खडकाचे थर एकावर एक दिसतात आणि त्यांच्या फटींतून सीताफळाची झुडपं डोकावतात. मुरमाड, उथळ जमिनीत ती तग धरतात आणि त्यांच्या पाल्याला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून बालाघाटाच्या उतारांवर ती टिकून राहिली. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण घाटातल्या बायका त्याच्याही कितीतरी आधीपासून पाट्या भरून रस्त्याच्या कडेला बसत आल्या आहेत. त्यांच्यातली एखादी फळ हातात घेऊन, खवल्यांमधल्या पांढुरक्या भेगा अंगठ्यानं दाखवत सांगते, “हे डोळे उघडलेलं घ्या, उद्या सकाळी खाया येईल. आत्ताच खायचं असंल तर हे मऊ.” घाट चढून आलेल्यानं मऊ घ्यावं. सायकल कठड्याला टेकवून, ओंजळीत फळ फोडून, एकेक गर जिभेवर विरघळवत आणि काळ्या बिया दरीकडं टाकत उभं राहावं. खाली बिंदुसरेचं खोरं पसरलेलं असतं आणि आपण ज्या शहरातून निघालो ते धुक्यात असतं.

मांजरसुंब्याजवळून एक फाटा कपिलधारला जातो. मन्मथस्वामींची समाधी तिथं आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला वीरशैव भाविकांच्या दिंड्या दूरदुरून पायी येतात. आश्विनात मात्र गर्दी नसते. कड्यावरून पडणारी धार, तिच्या शिंतोड्यांनी ओली झालेली दगडी फरशी आणि घंटेचा अधूनमधून येणारा आवाज एवढंच असतं. या माथ्याच्या कडेला जिथं जिथं पाणी खाली पडतं तिथं तिथं देव आहे. माणसांनी पाण्याच्या जागा ओळखून तिथं हात जोडले, ही या मुलखाची जुनी शहाणीव आहे.

मांजरसुंबा सोडून पाटोद्याकडं वळलं की खरी रपेट सुरू होते. आपण आता माथ्यावर असतो. बीड शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या जरा वर. इथला माथा काही ठिकाणी आठशे मीटरच्याही वर जातो. लिंबागणेश मागं पडतं. पवनचक्क्यांची पाती सावकाश फिरत असतात. आतल्या रस्त्याला लागलं की वाहनं विरळ होतात आणि चेनची खरखरसुद्धा ऐकू येते. टिटवी ओरडते, होले तारेवरून उडून पुन्हा तारेवरच बसतात. नायगावच्या बाजूला मोरांसाठी १९९४ साली अभयारण्य झालं. पण मोर काही हद्द पाळत नाहीत. पिसारा गळून गेलेला एखादा नर बाजरीच्या ताटांतून रस्त्यावर येतो, मान उंचावून सायकलकडं बघतो आणि पळत नाही, चालत पलीकडं जातो. मोटारीपुढं तो असा चालला नसता.

याच पाटोदा तालुक्याच्या माथ्यावर चार नद्यांची सुरुवात आहे. बिंदुसरा वाघिऱ्याच्या बाजूला उगवते. सिंदफणा चिंचोलीच्या डोंगरात निघते, बिंदुसरेला पोटात घेते आणि माजलगावच्या धरणातून पुढं मंजरथला गोदावरीत मिसळते. मांजरा गवळवाडीजवळ जन्मते आणि ७२४ किलोमीटरची वाट चालते. लातूर, बीदर, तेलंगण असा भला मोठा वळसा घालून तीही शेवटी गोदावरीकडंच येते. चौथी विंचरणा. ती सौताड्याला कड्यावरून उडी घेते आणि जामखेडवरून सीनेला, सीनेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला जाते. म्हणजे या माथ्यावर एकाच सरीतले शेजारशेजारचे दोन थेंब जन्मभरासाठी वेगळे होऊ शकतात. एक राजमहेंद्रीवरून समुद्राला जाईल, दुसरा विजयवाड्यावरून.

हे नकाशात बघणं वेगळं आणि बांधावर उभं राहून बघणं वेगळं. एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो होतो. लिंबाखाली बाजेवर बसलेल्या म्हातारबाबांनी हापशाकडं बोट केलं आणि विचारलं, “कुठून आलाव?”

“बीडहून.”

“सायकलवर? काय काम काढलं इकडं?”

“काम काही नाही बाबा. नद्या कुठून निघतात ते बघत हिंडतोय.”

त्यांना याचं नवल वाटलं नाही. ते उठले, काठी टेकत वस्तीमागच्या बांधापर्यंत आले आणि काठीनंच दाखवलं, “ह्या अंगाचं पाणी मांजरेला. त्या अंगाचं सिंदफणेला. मधला बांध आमचा.” बांध गुडघाभरही उंच नव्हता. त्यावर हिवराचं एक झुडूप होतं आणि एक शेळी. पण दोन खोऱ्यांची शीव त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, कारण पेरणी, विहीर आणि भावकीतल्या वाटण्या त्याच माहितीवर ठरत आल्या होत्या.

सायकलनं निवांत हिंडण्याची रीत विलायतेत रुजली. इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकलवरून प्रवास करणाऱ्यांचा क्लब निघाला आणि त्यानं पुढं धोक्याच्या उतारांवर पाट्या लावल्या, कारण त्या काळच्या उंच चाकाच्या सायकलींना धड ब्रेक नसत. हॅरी इंग्लिस या स्कॉटिश गृहस्थांनी तर १८९६ मध्ये स्कॉटलंडच्या रस्त्यांचं एक पुस्तकच काढलं, त्यात रस्त्यांचा चढ-उतार रेघेनं काढून दाखवला होता. हिरवी कुरणं, झुडपांची कुंपणं आणि गावागावांतली दगडी चर्च यांच्यामधून सायकल चालवणाऱ्या त्या माणसांना जे उमगलं, तेच बालाघाटावरही उमगतं: मुलूख समजून घ्यायचा तर आधी त्याचा उतार समजून घ्यावा. चर्चच्या जागी इथं देवळाचा पार आहे आणि कुरणांच्या जागी खडकाळ माळ. इंग्लिस यांनी रेघेनं काढलं, ते म्हातारबाबांनी काठीनं दाखवलं.

पाटोद्यापासून पुढं सौताड्यापर्यंतचा रस्ता खाली-वर होत जातो. दुपारच्या शाळेच्या मुली भेटतात, दोघी-तिघी आडव्या रांगेत, दप्तरं कॅरिअरला अडकवलेली. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींनी या भागात मुलींची शाळा लांबवली, सातवीपाशी थांबणारी वाट पुढं नेली. चढ आला की त्या उतरून सायकल ढकलतात आणि गप्पा चालूच ठेवतात. उतार लागला की पायडल सोडून, ओढण्या उडवत, एकमेकींना मागं टाकत निघतात. त्यांना हा रस्ता रोजचा आहे, कामाचा आहे. पण त्या उतारावरचं त्यांचं हसणं कामाचं नसतं. सायकलचा आनंद या जिल्ह्यात कुणी बाहेरून आणायची गरज नाही, तो तिथं दररोज शाळा सुटल्यावर असतो.

सौताड्याला विंचरणेचा प्रवाह कड्यावरून दरीत पडतो. खाली रामेश्वराचं देऊळ आहे. कड्याच्या काठावरून पाहिलं की इथं जिल्हा संपतो आणि पाणी दुसऱ्याच्या मुलखात जातं, हे एका नजरेत दिसतं. दिवसभर पायांनी जे शिकवलं त्याचा अर्थ इथं लागतो. बीडला पाऊस फार पडत नाही, सह्याद्रीच्या सावलीतला हा भाग. पण जो पडतो तो माथ्यावर पडतो, आणि माथ्याचं पाणी थांबत नाही. मांजरेचा उगम ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातलं धनेगावचं धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडं पडलं आणि त्यावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

पाण्यामागून माणसंही उतरतात. दसरा झाला की याच पाटोदा-जामखेड रस्त्यावरून ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, कोंबड्या, गोधड्यांवर बसलेली लेकरं, आणि नवरा-बायकोचा एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. घरी म्हातारे राहतात आणि काही मुलं. ज्या दिवसांत माथा सगळ्यात देखणा असतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याची माणसं त्याला सोडून निघायच्या तयारीत असतात. हे देखणेपण ज्यांच्या हक्काचं, त्यांना ते निवांत बघायला मिळत नाही, याचं दुःख या रस्त्यावर सायकल चालवताना सतत सोबत असतं, आणि असलंच पाहिजे.

या दुःखावरचा उपायही उताराच्याच ज्ञानात आहे. पाणलोटाची कामं करणारे लोक ‘माथा ते पायथा’ असं म्हणतात. आधी माथ्यावर समतल चर, मग खाली बांध, मग नाला, मग विहीर. २०१६ साली वॉटर कप या गावागावांतल्या पाणलोट कामांच्या पहिल्या स्पर्धेसाठी जे तीन तालुके निवडले, त्यांत बीडमधलं अंबाजोगाई होतं आणि तिथल्या गावांनी टिकाव-फावडी घेऊन डोंगरांवर चर खणले. त्यांचं साधं सूत्र गावोगाव पाठ आहे: धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबवा, थांबलेल्याला जिरवा. मला वाटतं, वाटसरूचंही पाण्यासारखंच आहे. तो जोवर धावतो तोवर मुलुखाचं काहीच त्याच्यात उतरत नाही. सायकल त्याला चालत्या पाण्याच्या वेगावर आणते, आणि एखाद्या बांधावर थांबवते.

म्हणून या माथ्यावरची रपेट बाहेरच्या पाहुण्यांपुरती राहू नये. बीड, पाटोदा, केज, आष्टीच्या शाळांनी आश्विनातला एखादा दिवस काढावा आणि मोठ्या वर्गांतल्या मुला-मुलींना सायकलींवर माथ्यावर न्यावं. कुणाच्या बांधावरून मांजरा निघते, कुणाच्या शेतातून सिंदफणा, हे त्यांनी पायडल मारून शोधावं आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं. आपल्या गावचा पाऊस कुठल्या नदीला जातो हे ज्याला ठाऊक आहे, तो ते पाणी अडवायचं कुठं हेही विचारायला लागतो. आणि पाणी माथ्यावर थांबलं, तर दसऱ्यानंतर ट्रॉलीत चढणाऱ्या निदान काही घरांना तरी थांबायचं की जायचं, हे स्वतः ठरवता येईल.