बॉलला हात न लावणारा खेळाडू

अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षे काढूनही आपल्यापैकी बऱ्याच मंडळींचे फुटबॉलशी नाते सुपर बोलच्या पार्टीपुरतेच असते. बटाटेवडे, चिप्स, जाहिराती आणि मधूनच "आता का बरं थांबले सगळे?" हा प्रश्न. आमचेही तसेच चालले होते. पण २०१२ साली आमचे धाकटे चिरंजीव नववीत गेले. उंची सहा फूट एक इंच, वजन दोनशे पंधरा पौंड. कोचने त्याला लांबून पाहिले आणि विचारले, "तू उन्हाळ्यात काय करतोस?" झाले! आमच्या सात पिढ्यांत कुणी केला नाही तो उद्योग घरात शिरला. चिरंजीव ऑफेन्सिव्ह लाइनमन झाले.

हे प्रकरण काय असते ते आम्हांलाही शिकावे लागले. मध्ये सेंटर, दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या कडेला दोन टॅकल. असे पाच धिप्पाड गडी. मागे उभ्या क्वार्टरबॅकला कुणी हात लावू नये आणि बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट मिळावी, एवढेच यांचे काम. नियमाप्रमाणे पुढे फेकलेला पास त्यांनी झेलायचा नाही. कोण किती पळाला, किती पास झेलले, सगळ्याची नोंद होते. यांच्या नावापुढे मात्र काही नाही. लाउडस्पीकरवर आमच्या आडनावाचा चुराडा ऐकू आला, की समजायचे पेनल्टी लागली: वेळेआधी हलला तर पाच यार्ड, समोरच्याला धरून ठेवले तर दहा.

सांगलीहून आजी फोनवर विचारायच्या, "अरे, मग तू तिथे नक्की करतोस तरी काय?" शेवटी आम्हीच सांगितले, "दहीहंडीत खालच्या थराला असतात ना, तसं." ते त्यांना लगेच पटले. हंडी फोडणाऱ्याचे फोटो येतात, खालच्यांचे खांदे सुजतात. आमच्याकडे शुक्रवारी रात्री नेमके तेच व्हायचे.

चढण मात्र सावकाश होती. नववीत फ्रेशमन संघ, दहावीत ज्युनिअर व्हार्सिटी, अकरावीत व्हार्सिटीच्या बाकावर आणि बारावीत राइट गार्डची जागा. उन्हाळ्यात पहाटे सहाला वेट रूम. घरात अंड्यांचे हिशेब डझनांत होऊ लागले. गुरुवारी लाइनच्या पोरांना आळीपाळीने एकेका घरी जेवायला घालायची प्रथा होती. आमच्या पाळीला नऊ मुलांनी चाळीस पाव आणि दोन पातेली भाजी संपवली. पुढे चार वर्षे आमचे घर 'पावभाजीवालं' म्हणूनच ओळखले जाई.

मंडळात लोक विचारत, "पण अभ्यासाचं काय?" त्यावर आमच्याकडे जॉन अर्शेल हे हुकमी उत्तर होते. विनिपेगमध्ये जन्म, बफेलोत बालपण. वडील सर्जन, आई वकील. कनिशियस हायस्कूलच्या लाइनमधून तो पेन स्टेटला गेला. तिथे खेळता खेळता त्याने गणितात मास्टर्स केले, विद्यार्थ्यांना गणित शिकवले, आणि २०१३ साली अभ्यास व खेळ दोन्हींतल्या कामगिरीबद्दल कॅम्पबेल ट्रॉफी मिळवली. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला पाचव्या फेरीत घेतले. एनएफएलमध्ये खेळत असतानाच तो एमआयटीत पीएचडी करू लागला. देशी आईबापांना आणखी काय हवे?

आणि नेमका तोच अर्शेल आमच्या घरात वादाचे कारण ठरला.

देशभरात दहा लाखांच्या आसपास मुले हायस्कूल फुटबॉल खेळतात, त्यांतली शंभरात जेमतेम सात-आठ कॉलेजात खेळतात. चिरंजीव त्यांत बसले ते डिव्हिजन थ्रीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. या डिव्हिजनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते. फी आमची, दुखापती त्याच्या! पहिले वर्ष बाकावर गेले. मग २५ जुलै २०१७ ला बोस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा अहवाल प्रसिद्ध झाला. एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांतल्या ११० जणांत सीटीई हा मेंदूचा विकार सापडला. दोन दिवसांनी, सव्वीस वर्षांच्या अर्शेलने फुटबॉल सोडला. २०१५ साली सरावात डोक्याला मार बसल्यावर काही काळ त्याला वरच्या दर्जाचे गणित सुचेना, हेही मग वाचनात आले.

सीटीई ज्याच्यामुळे फुटबॉलमध्ये गाजला, तो पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टरही सेंटरच होता, म्हणजे आमच्या मुलाच्या शेजारच्या जागेचा. २००२ साली तो पन्नाशीत गेला. लाइनमनची गोम अशी, की त्याला एकच मोठा फटका बसतो असे नाही. जवळजवळ प्रत्येक प्लेला डोके थोडेथोडे आपटते.

त्या रविवारी स्वयंपाकघरात आम्ही तिघे दोन तास बसलो. चिरंजीव म्हणाले, "ते मेंदू घरच्यांनी दान केलेले होते, बाबा. ज्यांना आधीच शंका होती त्यांनीच दिले असणार. आणि ते एनएफएलवाले." मुद्दा खरा होता. आईने एवढेच विचारले, "आणि तुझ्यासारख्यांचं कुणी मोजलंय?" यावर कुणीच बोलले नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला बंदी घालता येत नाही, आणि त्याची गंमत वाटून गप्पही बसता येत नाही. शेवटी ठरले ते असे: डोक्याला मार बसला की त्याच दिवशी ट्रेनरला सांगायचे, लपवायचे नाही. एकदा जरी कन्कशन झाले तर हेल्मेट खाली. त्याने शब्द दिला. २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत तो खेळला, शेवटची दोन वर्षे सुरुवातीच्या पाचांत. शब्द मोडायची वेळ आली नाही. आमची झोप मात्र दर शनिवारी उडाली.

या खेळात आपल्या वंशाची नावे थोडीच. फिजीत भारतीय वंशाच्या घरात जन्मलेला बॉबी सिंग कॅनडात वाढला, पोर्टलंड स्टेटला खेळला आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या सेंट लुई रॅम्समध्ये होता. तोही गार्डच! पुढच्या पिढीत आणखी येतील. त्यांच्या आईबापांसाठी अनुभवाचे दोन शब्द. कोचला नि:संकोच विचारा: पूर्ण टक्करीचा सराव आठवड्यात किती? आयव्ही लीगने २०१६ पासून सीझनमधला तसा सराव बंदच केला. मैदानावर ट्रेनर कायम असतो का? आणि मार बसल्यावर परत खेळायला कोण पाठवतो, कोच की डॉक्टर? उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर मुलगा कितीही रुसला तरी घरी आणा.

आता चिरंजीव पूल बांधणाऱ्या कंपनीत आहेत. काम कसे चाललेय विचारले की म्हणतात, "पूल उभा आहे तोवर आमचं नाव कुणी घेत नाही." या जागेची त्याला चांगली सवय आहे.