गोळ्यांची पिशवी

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून लागलेली पेशंटची रीघ आजही तुटलेली नाही. जत, सांगोला, पलीकडून अथणी, विजापूर. पहाटेच्या गाडीनं यायचं, नंबर लावायचा, दुपारी औषधं घेऊन परतीची गाडी पकडायची. २०१७ मध्ये बी. फार्म. झाल्यावर मी इथल्याच एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणून लागले. काउंटरवर उभं राहून कामापुरतं कानडीही शिकले.

फार्मासिस्ट म्हणजे गोळ्या काढून देणारा, हा समज मला तेव्हाही खटकायचा आणि आज डॉक्टरकीच्या वाटेवर असताना जास्तच खटकतो. गोळीवर आवरण का असतं, कुठली गोळी मोडून घ्यायची नाही, कुठलं औषध उपाशीपोटी आणि कुठलं जेवणानंतर, हे पेशंटला नीट समजेल असं सांगणारा शेवटचा माणूस तोच असतो. पण त्याच्या कामाला एक कड आहे. ब्रँड बदलायचा झाला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलता येत नाही. औषध नियम, १९४५ तसं स्पष्ट सांगतात आणि ते योग्यच आहे. निदान करणं तर लांबच राहिलं.

एकदा अथणीकडच्या एक मावशी दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन आल्या. एकीवर बीपीची गोळी, तिच्यातच लघवी वाढवणारं औषध. दुसरीवर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक. पैसे काढायला त्या बाकावर बसल्या तेव्हा माझं लक्ष पायांकडे गेलं. चपलेचा पट्टा पावलात रुतला होता आणि घोट्याचं हाड दिसतच नव्हतं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते ऑपरेशनमध्ये होते. दुखण्याची गोळी दिली नाही आणि मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं, आधी परत जाऊन पाय दाखवा. त्यांनी मान हलवली आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेल्या. पुढं काय झालं ते मला कळलं नाही. काउंटरवर असं रोजच व्हायचं. माणूस गोष्ट अर्धी सांगून जायचा आणि उरलेली अर्धी विचारायचा अधिकार माझ्याकडे नसायचा. मला तो हवा होता.

नीटला वयाची वरची अट नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं आणि मी घरी विषय काढला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे परत पहिल्या वर्षापासून?" हा प्रश्न पुढं प्रत्येक नातेवाइकानं विचारला. डी. फार्म. झालेल्याला बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तशी सोय एमबीबीएसला नाही. साडेचार वर्षं आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप, सगळं पहिल्यापासून. आईनं मात्र एवढंच विचारलं, "झेपेल ना गं?"

दुकानातून सुटल्यावर मी अभ्यासिकेत जायचे. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले, आणि मी त्यांच्यात अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं उघडून बसलेली. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. तिथं बी. फार्म.ला शिकलेली फार्माकॉग्नॉसी, म्हणजे औषधी वनस्पतींचा अभ्यास, कामी आली. सोलॅनेसी कुळ आलं की मला धोतरा आणि बेलाडोना आठवायचा, प्रॅक्टिकलला त्यांचं चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं असायचं. रसायनशास्त्रही हाताखालून गेलेलंच. भौतिकशास्त्रानं मात्र घाम काढला. बारावीनंतर मी घर्षण आणि लोलक यांच्या वाटेला कधी गेलेच नव्हते. २०२३ च्या मे महिन्यात परीक्षा दिली. निकाल आला, मग कॅप राउंड, डोमिसाइल, गॅप सर्टिफिकेट आणि अखेर सरकारी कॉलेजात जागा.

वर्गातली मुलं अठरा-एकोणीस वर्षांची. पहिल्या आठवड्यातच मी सगळ्यांची ताई झाले. शरीररचनाशास्त्रानं दमवलं, कारण ते निव्वळ पाठांतर आहे आणि विशीत होतं तसं पाठांतर आता होत नाही. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी आलं तेव्हा चित्र पालटलं. परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलच्या माझ्या खोलीत बसायला जागा उरायची नाही.

पण मला सांगायचंय ते वॉर्डाबद्दल. मेडिसिनच्या पोस्टिंगला एका आजोबांची हिस्टरी घ्यायला मला पाठवलं होतं. पाय सुजलेले, लघवी कमी, क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बिघडलेलं. अंगठ्यानं नडगी दाबली. खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. मेडिकलमध्ये बाकावरच्या पायांकडे मी नुसतं बघू शकत होते, इथं हात लावता आला. "औषधं कुठली चालू आहेत?" "बीपीची गोळी." बहुतेक केसपेपरवर औषधांची नोंद एवढ्या एका ओळीत संपते, आणि हे मला अजिबात पटत नाही. मी नातवाला म्हटलं, "घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या पिशवीत घालून आण. रिकाम्या स्ट्रिपसुद्धा."

दुसऱ्या दिवशी त्यानं साड्यांच्या दुकानाची एक कापडी पिशवी चादरीवर उपडी केली. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची जोडगोळी, तेच टेल्मिसार्टन दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावानं लिहिलेलं, एक चूर्ण, आणि कात्रीनं कापलेले स्ट्रिपचे तुकडे, ज्यांच्यावर नावाची शेवटची दोन-तीन अक्षरंच उरली होती. त्या अक्षरांवरून आणि मागच्या फॉइलच्या रंगावरून मी ओळखलं, डायक्लोफिनॅक. शेजाऱ्यानं दिली होती, गुण आला म्हणून आजोबा महिनाभर दिवसातून दोनदा घेत होते. दुखण्याची गोळी म्हणजे त्यांच्या हिशेबी औषधच नव्हे, म्हणून ती सांगितलीही नव्हती.

मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात, त्यांना डायक्लोफिनॅक अडवतं. रक्त बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टनमुळे सैलावते. लघवीच्या औषधानं, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइडनं, शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. तिन्ही एकत्र आली की गाळणीवरचा दाब पडतो आणि लघवी तयार होणंच मंदावतं. मी ती पिशवी रेसिडेंट सरांसमोर ठेवली. त्यांनी एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला. बीपीच्या गोळ्या काही दिवस थांबवल्या, दुखण्याची कायमची बंद केली. आठवड्याभरात क्रिएटिनिन उतरू लागलं.

त्यानंतर आमच्या बॅचमधली चार-पाच मुलं कुणी न सांगताच पेशंटला पिशवी आणायला सांगू लागली. रिकामी स्ट्रिप वाचायची कशी, घटक कुठं छापलेले असतात, एकाच औषधाची दोन नावं कशी ओळखायची, हे मी त्यांना वॉर्डाच्या व्हरांड्यात दाखवते.

"आता प्रमोशन झालं तुझं," असं मिरजेच्या जुन्या ओळखीच्यांपैकी कुणी म्हणालं की मी तिथंच थांबवते. ते काम वेगळं, हे वेगळं आणि पेशंटला दोन्ही लागतात. इंटर्नशिपनंतर सरकारी बाँडचं एक वर्ष करायचं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं, तर पहिल्याच आठवड्यात तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून साठ्याची नोंदवही बघायची आहे. कुठली औषधं खरंच येतात, कुठली नुसती चिठ्ठीवर राहतात आणि कुणाचं कुठलं औषध मध्येच सुटलंय, हे मला त्यांच्याकडून समजून घ्यायचं आहे.