दर्यापूरचा दर्या

'ताई, घरी समुद्र आणलाय. बघायला ये!'

मामेभावाचा मेसेज आला तेव्हा मी लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धी बसून, अर्धी लटकत होते. सोबत फोटो. तीन फुटी काचेची टाकी, निळा लाइट, पांढरे खडक आणि दोन नारिंगी क्लाउनफिश. पत्ता : दर्यापूर, जिल्हा अमरावती. सगळ्यात जवळचा समुद्र साडेचारशेहून जास्त किलोमीटरवर!

लहानपणी सुट्टीत मुंबईला आला की हा मुलगा तारापोरवाला मत्स्यालयातून बाहेरच निघायचा नाही. आता त्याचं स्वतःचं मोबाइलचं दुकान आहे, हातात पैसे आहेत. त्यामुळे हौस टाकीपर्यंत पोचली. मी मे महिन्यात सुट्टी टाकली. (हो, मे. वऱ्हाडात. ऑफिसातल्या मैत्रिणींनी वेड्यात काढलं.)

अमरावती एक्स्प्रेसने पहाटे मूर्तिजापूर गाठायचं आणि तिथून एसटी. पूर्वी याच वाटेवर 'शकुंतला' धावायची, मूर्तिजापूर ते अचलपूर अशी नॅरोगेजवरची छोटी गाडी. दर्यापूरला थांबायची. आता ती बंद आहे आणि बसच्या खिडकीतून दिसतात ती फक्त काळी, भेगाळलेली वावरं. गावाला चंद्रभागा आहे, पण पंढरपूरची नव्हे, आपली पूर्णेला मिळणारी. मे महिन्यात तिच्याकडून फार अपेक्षा ठेवायच्या नसतात. गावाच्या नावातला 'दर्या' कुठला, असं मी मामांना विचारलं. त्यांनी तो सोळाव्या शतकातल्या दर्या इमादशाहाच्या नावावर लावून दिला. वऱ्हाडची इमादशाही अचलपुरातूनच चालायची, तेव्हा मी वाद घातला नाही.

घरात शिरले आणि समुद्र बघितला. म्हणजे, बघायचा प्रयत्न केला. काचेवर तपकिरी साय. खडकांवर बोटभर लांबीचे हिरवे केस, पंपाच्या प्रवाहात झुलत होते. दोन क्लाउनफिश त्या जंगलातून वाट काढत फिरत होते, पीक अवरला दादर स्टेशनवर अडकल्यासारखे.

'शेवाळ काही जाईना,' भाऊ रडवेला झाला होता. तीस-पस्तीस हजार गेले होते. टाकी विकणाऱ्याने सांगितलं होतं, 'तुमच्याकडचं पाणी आधीच खारं, म्हणजे मीठ कमी लागेल!' हे ऐकून मीही इम्प्रेस झाले असते.

कारण पाणी खरंच खारं आहे. दर्यापूर हे खारपाणपट्ट्याचं गाव. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतली ८९४ गावं या पट्ट्यात मोजली जातात. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा थर काही ठिकाणी तीनशे मीटरहून जास्त जाड आहे. त्यातल्या पाण्याचा निचरा नीट होत नाही, वर ऊन असं. क्षार साठत गेले. बोरचं पाणी तोंडात घेतलं की जिभेला कळतं. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. कूलरच्या जाळीवर आठवड्याभरात पांढरी खपली धरते. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी, ते येईल तेव्हा. नाहीतर आरओचा जार.

पण समुद्राचं खारेपण आणि बोरचं खारेपण या दोन वेगळ्या गोष्टी. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास कुठल्याही महासागरात तेच. बोरच्या पाण्यात क्षार त्यापेक्षा कितीतरी कमी, आणि मिश्रण भलतंच. शिवाय बेसॉल्टच्या मुलखातल्या भूजलात सिलिका विरघळलेली असते, शेतातल्या खतांचं नायट्रेट झिरपलेलं असू शकतं. सिलिका मिळाली की डायटम खूश. काचेवरची तपकिरी साय ती त्यांचीच. नायट्रेट, फॉस्फेट मिळालं की हिरव्या केसांची दिवाळी. म्हणून समुद्री टाकीसाठी पाणी आधी जवळपास कोरं करून घ्यावं लागतं आणि मगच त्यात समुद्री मीठ घालायचं.

नव्या टाकीत थोडं शेवाळ येतंच म्हणा. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू खडकांवर वस्तीला यायला चार-सहा आठवडे घेतात. भावाने दहाव्या दिवशी मासे सोडले. लाइट बारा-बारा तास चालू, खाणं दिवसातून चार वेळा. 'घरी आलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवायचं का?' हे वऱ्हाडी लॉजिक. 'रीफ टँक' म्हणताना त्यात प्रवाळ मात्र एकही नव्हतं, आणि ते बरंच होतं. आपल्याकडच्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मासे हॅचरीतले, खडक कृत्रिम. एवढं तरी त्याने नीट केलं होतं.

मग आम्ही त्याच्या चुका दुरुस्त करायला बसलो. जुन्या टूथब्रशने केस उपटले. तीन दिवस टाकीवर चादर टाकून अंधार केला. लाइट सहा तासांवर, खाणं एकदा, चिमूटभर. सगळं पुस्तकातल्यासारखं. चादर काढली तेव्हा टाकी बरी दिसली. पुढच्या चार दिवसांत केस परत उगवले.

मामा इतके दिवस पेपर वाचत होते. पाचव्या दिवशी त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

'रोज कोनतं पानी टाकतं बे यात?'

टाकी थंड ठेवायला, म्हणजे पंचवीस-सव्वीस डिग्रीला, भावाने वर टेबलफॅन लावला होता. चव्वेचाळीसच्या उन्हात चिलर परवडत नाही, आणि वीजही आपल्या मर्जीने येते. पंख्याने पाणी गार होतं ते उडून जाऊनच. रोज पाच-सहा लिटर उडायचं, भाऊ तेवढं पाणी वरून भरायचा. बोरचं.

'वावराले जे पानी आपन देत नाई, ते मासोयायले काऊन देल्लं?' मामा म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. बोरचं पाणी दिलं की काळी जमीन दगडासारखी घट्ट होते, पाणी खाली मुरत नाही, हे मामांना तोंडपाठ. म्हणून त्यांचं सगळं गणित पावसावर. खरिपाला मूग, कपाशी, तूर, मग उरलेल्या ओलीवर हरभरा, आणि शेततळ्यात धरलेलं पावसाचं पाणी निकडीला. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आमच्या १८० लिटरच्या टाकीत रोज हेच चाललं होतं. प्रत्येक बादलीचं पाणी उडायचं आणि सिलिका, नायट्रेट मुक्काम ठोकायचे.

लोणारच्या सरोवराचंही तेच. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते फक्त उडतं. एरवी शेवाळाने हिरवं असणारं ते पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं. पाणी घटून क्षार वाढले आणि मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फावलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने त्यांना ओळखलं.

टीडीएस मीटर लावून पाहिलं. बोर : चार आकडी. जार : दोन आकडी. ठरलं, आता वरून भरायला जारचंच पाणी, आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं तेही जारच्याच पाण्यात मीठ कालवून.

इथे मामी उठल्या.

'इथं माणसायले प्याचं पानी नाई, अन् हा मासोयायले जार पाजून राह्यला!'

यावर बोलायला आमच्याकडे काही नव्हतं. आरओमधून एक लिटर शुद्ध पाणी निघताना दोन-तीन लिटर आणखी खारं होऊन गटारात जातं. म्हणजे टाकीच्या रोजच्या सहा लिटरमागे एका घराच्या भांड्यांचं पाणी. मुंबईत ॲक्वेरियम म्हणजे स्ट्रेस बस्टर. दर्यापुरात ते आधी पाण्याचं बिल. दुसऱ्या दिवशी मला एकटीलाच लासूरला आनंदेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ बघायला पाठवलं, कारण घरात बैठक होती. (देऊळ अप्रतिम आहे. उन्हाच्या आधी जा, पायाला चटके बसतात.)

परतले तेव्हा तह झाला होता. पंखा फक्त दुपारी. टाकीवर अर्धं झाकण, म्हणजे पाणी कमी उडेल. दुकानात भावाने स्वतःचा छोटा आरओ बसवायचा, त्यातलं फेकायचं पाणी फरशीला आणि संडासाला वापरायचं. पाऊस लागला की छपराचं पाणी ड्रममध्ये. नवे मासे दिवाळीपर्यंत नाहीत. शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगायींना मामींनी परवानगी दिली, 'त्या काही मांगत नाईत' म्हणून.

जूनच्या शेवटी भावाचा फोन आला. काच स्वच्छ आहे, खडकांवर केस आहेत पण नखाएवढे, गोगलगायी कामाला लागल्यात. पहिल्या पावसाने छप्पर धुऊन जाऊ दिलं, दुसऱ्या पावसाचं पाणी धरलं.

'मीटर काय म्हणतोय?' मी विचारलं.

'एकदम कमी, ताई! तीन बादल्या भरल्या.'

'मग टाकीत घातल्या?'

'एक घातली. दोन आईनं नेल्या. वरण शिजवायला.'