परळच्या रस्त्यावर, फाईल घेऊन

परळ स्टेशनातून बाहेर पडून डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गाला लागलात, की फाईल छातीशी धरून चालणारी माणसं दिसू लागतात. बिहारची, बंगालची, आपल्या बीड-परभणीचीही. ज्यांचं नाव या रस्त्याला आहे, ते स्वतः कर्करोगाचे सर्जन होते. टाटा मेमोरियल रुग्णालय इथं १९४१ पासून उभं आहे.

माझ्या काकांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्हीही त्या गर्दीत होतो. तुमच्यावर ही वेळ आली, तर एक आधीच सांगते: ऑपरेशनचा दिवस कसाबसा निघून जातो. कठीण असतात ते पुढचे आठवडे.

डिस्चार्जनंतर आम्ही जवळच भाड्याच्या खोलीत राहिलो. काकांच्या नाकात नळी. डाळ-भात पातळ वाटायचा, गाळायचा, ठरल्या वेळी सिरिंजने द्यायचा, मागून थोडं पाणी सोडायचं. नर्सने शिकवलं होतं, तरी काकूचा हात थरथरायचा. पडद्यापलीकडे बिहारचं एक कुटुंब होतं. त्यांच्यातल्या भाभी आल्या, म्हणाल्या, ''दीदी, पहले सिर ऊँचा कीजिए.'' गाळायला मलमलचा तुकडाही त्यांनीच दिला.

चौथ्या दिवशी काकूच चक्कर येऊन खाली बसली. सकाळपासून ती जेवलीच नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही भिंतीवर कागद लावला: रात्री कोण जागणार, औषधं कोण आणणार, आणि काकू जेवली का हे समोर बसून कोण बघणार. गावाकडचे फोन फक्त चुलतभावाने घ्यायचे. (प्रत्येकाला तीच हकिकत सांगून माणूस जास्त थकतो.) तुम्ही हा कागद पहिल्याच दिवशी लावा.

काकांना बोलता येत नव्हतं, म्हणून पाटी आणली. भेटायला येणारे धीर द्यायचे, काका भिंतीकडे तोंड करायचे. एकदा त्यांनी पाटीवर लिहिलं, ''म्हैस व्याली का?'' तेव्हापासून आम्ही धीर देणं सोडलं. रोज संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून गोठ्याची खबर ऐकवू लागलो.

तपासणीला येता-जाता रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, रुग्णाला आणि सोबतच्या एकाला. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. आम्हाला हे दुसऱ्या फेरीला कळलं.

आता घरी तोंड उघडण्याचा व्यायाम चालू आहे. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या. मोजायचं काम नातीकडे, आणि ती आजोबांना जराही सूट देत नाही. सुरुवात सात काड्यांनी झाली होती. परवा अकरा गेल्या.