पारोळ्याचे मिस्त्री

खानदेशांत चैत्र-वैशाखाच्या दिवसांत प्रवास करावयाचा, तर पहांटेस निघून ऊन चढण्यापूर्वीं मुक्काम गांठावा, अशी आमच्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींची शिस्त आहे. ती शिस्त गेल्या चैत्रांत आमच्याकडून मोडली गेली, आणि त्याचें फळ म्हणून पारोळ्यास आमचा अकल्पित मुक्काम घडला. त्या मुक्कामाची हकीकत येथें सांगावयाची आहे. तींत किल्ला आहे, देवस्थान आहे. परंतु मुख्यतः ती एका माणसाची हकीकत आहे. ज्यांच्या घरीं वडिलांच्या हातची एखादी जुनी वस्तु सांभाळलेली असेल, त्यांस ती उपयोगी पडेल असें वाटल्यावरून लिहीत आहों.

आमच्या घरची अशी वस्तु म्हणजे एक मोटार : १९६२ सालची फियाट ११००. पुढच्या फुगीर तोंडामुळें जिला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि जिचे पुढचे दरवाजे हल्लींच्या गाड्यांच्या उलट दिशेनें उघडत, ती हीच. गाडीचें कुळ इटलीचें. पण सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती आपल्या देशांत तयार होऊं लागली. तिच्याच घराण्यांतील धाकटी बहीण पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें प्रसिद्धीस आली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, तेव्हां वृत्तपत्रांनीं तिच्यावर मृत्युलेख लिहावे तसे लेख लिहिले. आमची गाडी तीर्थरूप आजोबांनीं घेतलेली. आमच्या काकू नव्या नवरी म्हणून या घरांत आल्या त्या याच गाडींतून. त्यामुळें काकूंच्या लेखीं ती गाडी नव्हेच. ती घरांतीलच एक मनुष्य.

गाडी जुनी झाली तशीं तिला हात लावणारीं माणसेंही विरळ झालीं. तीन वर्षांपूर्वीं एका मोठ्या शहरांतील नामांकित म्हणविणाऱ्या गॅरेजांत आम्हीं ती दुरुस्तीस दिली. जागा चकचकीत, बोलणें गोड. चार महिन्यांनीं गाडी परत आली, ती नव्या रंगांत; मात्र तिचा मूळचा कार्बुरेटर नाहींसा होऊन त्या जागीं दुसराच बसविलेला. जुना कोठें आहे म्हणून विचारतां ‘भंगारांत गेला’ एवढेंच उत्तर मिळालें. तापली म्हणजे वाटेंत बंद पडण्याची तिची खोड होती तशीच राहिली. तिजवर त्या लोकांचा उपाय एकच : मूळचें पेट्रोलचें इंजिन काढून टाका आणि डिझेलचें बसवा. आमचे धाकटे बंधु या प्रकाराला इतके विटले होते कीं, एक तर डिझेलचें इंजिन बसवूं, नाहीं तर गाडी विकून मोकळे होऊं, असें त्यांनीं घरांत बोलून दाखविलें. सोमवारीं होकार कळवावयाचा ठरला. त्यापूर्वीं एकवार याच गाडीनें पद्मालयाच्या गणपतीस जाऊन यावें, एवढीच काकूंनीं इच्छा दर्शविली. तिला नाहीं म्हणणें कोणासही शक्य नव्हतें.

शनिवारीं धुळ्याहून निघावयास आम्हांस साडेनऊ वाजले. फागणें मागें पडलें, मुकटी मागें पडली. सुरतेहून नागपुराकडे जाणारा हा हमरस्ता आतां चांगला रुंद झाला आहे. पण दुतर्फा पीक निघून गेलेली काळी जमीन भेगाळून पडलेली, सावली अशी ती कोठें एखाद्या निंबाची. पारोळा दोनएक मैल राहिला असेल, तोंच गाडीनें दोन उसासे टाकले आणि ती थांबली. अर्ध्या तासानें निवल्यावर पुन्हां चालूं झाली, आणि गांवाच्या तोंडाशीं येऊन पुन्हां बसली. शेजारून मालमोटारी धडधडत जात होत्या. आंत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकू ओला पंचा डोक्यावर घेऊन मुकाट्यानें बसल्या होत्या. त्या कांहींच बोलत नव्हत्या, याचेंच आम्हांस अधिक वाईट वाटत होतें.

हमरस्त्यावर गॅरेजें पुष्कळ. पहिल्यानें नुसतें बॉनेट उघडून ‘इंजिन गेलें’ असा निकाल दिला. दुसऱ्यानें असली गाडी उभ्या आयुष्यांत पाहिली नव्हती. पण हजार रुपये आगाऊ घेऊन ‘पाहतों’ म्हणण्याची त्याची तयारी होती. शेवटीं एका चहावाल्यानें, आम्हीं न विचारतांच, सांगितलें कीं, ही गाडी इकडे दाखवूं नका. किल्ल्याच्या अंगाला एक म्हातारे मिस्त्री आहेत, ते येतील तर येतील. त्यानेंच आपला पोरगा सायकलवर धाडला. ‘येतील तर येतील’ हे शब्द आम्हांस फारसे आश्वासक वाटले नाहींत.

मिस्त्री आले. बारीक अंगाचे, सत्तरी उलटलेले, डोक्यावर टोपी, खांद्यावर कापडी पिशवी. ‘काय व्हयनं, भाऊ?’ असें त्यांनीं अहिराणींत विचारलें. पुढचें बोलणें आमच्या सोयीसाठीं शहरी मराठींत केलें. बॉनेटला त्यांनीं हात लावला नाहीं. आधीं प्रश्न विचारले. बंद पडते ती तापल्यावरच का? निवली कीं आपोआप चालूं होते का? बंद पडण्यापूर्वीं ठसका देते का? पेट्रोलचा वास येतो का? ही तक्रार केव्हांपासून? मोठ्या शहरांतील त्या गॅरेजांत चार महिन्यांत एकानेंही आम्हांस हे प्रश्न विचारले नव्हते. दवाखान्यांत रोग्याची नाडी पाहण्यापूर्वीं त्याची हकीकत ऐकणारा वैद्य आणि न ऐकतां औषधाची चिठ्ठी लिहिणारा वैद्य, यांत जो फरक, तोच आम्हांस तेथें दिसला.

मग त्यांनीं पेट्रोल येतें कीं नाहीं तें पाहिलें, येत होतें. एका प्लगची वायर काढून तिचें टोंक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलें आणि बंधूंस कळ फिरवावयास सांगितलें. ठिणगी पडली, पण पिवळट आणि अशक्त. ‘ही निळी पाहिजे, आणि तिचा चट्कन आवाज झाला पाहिजे,’ ते म्हणाले. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून आंतील पॉइंट त्यांनीं आम्हांस दाखविले. ते जळून खडबडीत झाले होते. दोष होता कंडेन्सरचा, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या एका नळकांड्याचा. तें जुनें झालें म्हणजे तापल्यावर काम सोडतें आणि निवल्यावर पुन्हां धरतें. म्हणून गाडीही तशीच वागते. पिशवींतील एका पत्र्याच्या डब्यांतून त्यांनीं पद्मिनीचा एक कंडेन्सर काढला, पॉइंट घासून त्यांतील अंतर पातळ पट्टी घालून मोजलें, आणि गाडी चालूं केली. वीस मिनिटें ते नुसते तिचा आवाज ऐकत उभे राहिले. गाडी तापली, पण थांबली नाहीं. ज्या दोषापायीं इंजिन फेकून द्यावयाचें ठरलें होतें, तो दोष एवढासाच होता.

आम्ही पैसे काढूं लागलों, तोंच त्यांनीं विचारलें, ‘पुढें कोठवर?’ पद्मालय म्हणतांच त्यांनीं पिशवी पुन्हां खालीं ठेवली. पद्मालय टेंकडीवर, जातांना चढ, येतांना उतार. त्यांनीं ब्रेक दाबून पाहिला, गाडीखालीं शिरले, आणि मागच्या चाकाच्या आंतल्या बाजूस ओल दाखविली. ब्रेकचें तेल झिरपत होतें. ‘रबर गेलें आहे. मजजवळ नाहीं, धुळ्याहून येईल, संध्याकाळच्या गाडीनें. तोंवर मी गाडी सोडणार नाहीं. तुम्ही दुसऱ्याकडून नेली तर माझा इलाज नाहीं. पण माय बरोबर आहेत,’ असें म्हणून त्यांनीं काकूंकडे पाहिलें. बंधूंच्या कपाळावर आठी चढली. फसवणूक झालेल्या मनुष्यास प्रत्येक नव्या खर्चांत फसवणूकच दिसते. पण काकू गाडीबाहेर येऊन म्हणाल्या, ‘ते म्हणतात तर राहूं आपण.’ आणि आम्ही राहिलों.

संध्याकाळीं ऊन कललें तेव्हां किल्ला पाहिला. हा भुईकोट हरि सदाशिव दामोदर यांनीं १७२७ सालीं बांधला. त्यांनीं पन्नास घरांच्या खेड्याचें तटबंदीचें शहर केलें, असें सांगतात. झांशीच्या नेवाळकर घराण्याचा या गांवाशीं संबंध. त्यामुळें पारोळ्याचा मनुष्य राणी लक्ष्मीबाईंचें नांव आपुलकीनें घेतो. १८२१ सालीं इंग्रजांचा खानदेशांतील अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज याजवर झालेल्या मारेकऱ्यांच्या प्रयत्नाचा माग येथवर लागला, आणि सत्तावन्नच्या धामधुमीनंतर १८५९ मध्यें इंग्रजांनीं जहागीर जप्त करून किल्ला मोडून टाकला. आज खंदक आहे, बुरूज आहेत, आंत पडझड आहे. मूळचा दगड आणि मागाहून लावलेली डागडुजी डोळ्यांस लगेच वेगळी दिसते. तें पाहतां पाहतां बंधु म्हणाले, ‘आपण गाडीचें हेंच करणार होतों.’ आम्हीं उत्तर दिलें नाहीं. मग बालाजीच्या मंदिरांत जाऊन आलों.

रात्रीं मिस्त्रींच्या अंगणांत, विजेच्या दिव्याखालीं, त्यांचें काम चाललें होतें. आम्ही शेजारीं बसलों. वयाच्या तेराव्या वर्षीं ते विहिरींवरील ऑइल इंजिनें दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखालीं राहिले. पुढें मालमोटारी, मग फियाट टॅक्सी. बंधूंनीं डिझेलच्या इंजिनाचा विषय काढला. ‘बसेल,’ मिस्त्री म्हणाले, ‘पण तें जड. या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा आणि ब्रेक त्या वजनासाठीं केलेले नाहींत. मी बसवणार नाहीं.’ त्यांस ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट आम्हांस ठाऊक होती. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंद होऊं शकते. तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये फी ठरली. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास काढतां येत नाहीं, आणि मुख्य अट अशी कीं, तिचा सांगाडा, कवच व इंजिन यांत फेरबदल झालेला नसावा. सोमवारच्या एका होकारानें हा मार्ग आम्हांस कायमचा बंद झाला असता.

बंधूंनीं मग गिअरच्या खरखरीविषयीं विचारलें. मिस्त्रींनीं गाडी अंगणांतच थोडी पुढेंमागें करविली आणि मान हलविली. ‘हें माझ्या हातचें काम नाहीं. ही पेटी मी फार वर्षांत उघडली नाहीं. उघडीन, पण बसवतां येईल याची खात्री नाहीं. हळू चालवा, तेल वेळेवर बदला, आणि जाणता मनुष्य मिळेल तेव्हांच उघडा.’ हें ऐकल्यावर बंधूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्हीं पाहिला. दिवसभरांत मिस्त्रींनीं केलेल्या दुरुस्तीनें जें झालें नव्हतें, तें या नकारानें झालें.

सकाळीं गाडी तयार होती. मिस्त्रींनीं वर्तमानपत्राच्या कागदांत बांधलेली एक पुडी काकूंच्या हातीं दिली. तींत जुना कंडेन्सर, जळके पॉइंट आणि फुगलेलें रबर होतें. ‘काढलेली वस्तु मालकाची,’ एवढेंच ते म्हणाले. मजुरी त्यांनीं सांगितली ती इतकी थोडी कीं, आम्हीं तिप्पट पुढें केली. त्यांनीं आपली तेवढी मोजून घेतली आणि बाकीची परत केली. आम्ही पद्मालयास गेलों. चढ चढलों, उतार उतरलों; ब्रेक लागले. काकूंनीं गणपतीपुढें काय मागितलें तें विचारलें नाहीं.

खानदेशांत रथोत्सवांची मोठी परंपरा आहे. जळगांवच्या रामरथाची वाट चाकाखालीं घातलेली लांकडी मोगरी ठरविते. ओढणारे हजारों असतात. पण रथ वळविणें आणि थांबविणें हें त्या एका मोगरीवाल्याच्या हातीं असतें. तो जयजयकारांत कोणास दिसत नाहीं. विश्वासाचा कारागीरही आम्हांस तसाच वाटतो. त्याला ओळखण्याच्या खुणा आम्हीं त्या दिवशीं शिकलों, त्या अशा : तो आधीं विचारतो आणि मग हात लावतो, दोष डोळ्यांनीं दाखवितो, काढलेला भाग परत देतो, जें येत नाहीं तें येत नाहीं म्हणतो, आणि आपल्या मजुरीपेक्षां बसणाऱ्यांच्या जिवाची काळजी अधिक वाहतो. या खुणा मोटारीपुरत्याच आहेत असें नाहीं. घर बांधणारा गवंडी आणि घरचा वैद्य यांनाही त्या लागू पडाव्या.

सोमवारीं होकार कळविला नाहीं. गाडी घरीं आहे. एकच चिंता उरते. मिस्त्रींचे दोन्ही मुलगे दूर नोकरीस आहेत. हाताखालीं कोणी नाहीं. निघतांना आम्हीं विचारलें, ‘तुमच्या मागें आम्हीं कोणाकडे यावें?’ ते थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘भाऊंनीं पाहिलें आहे कीं सगळें.’ तेव्हांपासून आमच्या धाकट्या बंधूंनीं एक वही केली आहे. दर दोन-तीन महिन्यांनीं ते पारोळ्यास जातात, मिस्त्रींजवळ बसतात, आणि परत आल्यावर रात्रीं दिव्यापाशीं त्या वहींत लिहीत बसतात.