साडेसात किलोहर्ट्झची टकटक

इंजिनचं नॉकिंग हेडफोन लावून ऐकता येतं! नुसतं ऐकता येतं असं नाही, त्यावरून गाडीचं टायमिंग बसवता येतं. हे कळल्यापासून मी परभणीत भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

मित्राची पोलो आहे, १.० टीएसआय, चाकणच्या कारखान्यातली. मूळची ११० पीएसची. त्यानं रिमॅप करून, म्हणजे ईसीयू या इंजिनच्या संगणकातला मॅप बदलून, टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) वाढवला. आता खरा प्रश्न उरला तो टायमिंगचा, म्हणजे ठिणगी किती आधी टाकायची हा. लवकर टाकली की ताकद वाढते, पण फार लवकर टाकली की नॉकिंग सुरू होतं.

म्हणजे होतं काय? ठिणगीपासून ज्योत पसरत जाते. तिच्यापुढं कडेला उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकतं. दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि सिलिंडर घंटेसारखा वाजतो. त्याचा सूर व्यासावर ठरतो! या इंजिनच्या सिलिंडरचा व्यास ७४.५ मिलिमीटर, म्हणजे सूर सुमारे साडेसात किलोहर्ट्झ. इंजिन न उघडता, कागदावर गणित मांडून हे काढता येतं!

ब्लॉकवरच्या नॉक सेन्सरमधला पिझो स्फटिक हा हादरा व्होल्टेजमध्ये बदलतो. ईसीयू प्रत्येक ठिणगीनंतर अगदी थोडा वेळच कान देतो, म्हणून कोणता सिलिंडर वाजला तेही त्याला कळतं. वाजला की टायमिंग झटकन मागं, मग हळूहळू पुढं.

आमच्या मिस्त्रींनी ब्लॉकवर आणखी एक सेन्सर बसवला. तोही टॉर्क रेंचनं, २० न्यूटन मीटरवर, कारण आवळणं कमी-जास्त झालं तर सिग्नलच बदलतो. तिथून वायर अॅम्प्लिफायरला आणि हेडफोन माझ्या कानाला. मित्र गाडी चालवणार, मी लॅपटॉपवर ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या निदान पोर्टवरून येणारा, लॉग बघणार.

पहाटे जिंतूरकडच्या चढावर, मोकळ्या रस्त्यात, दुसऱ्या गिअरमध्ये त्यानं अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. कानात नुसती घरघर, एकदम स्वच्छ! मग मे महिन्याच्या भर दुपारी, चाळिशीपार उन्हात, तोच चढ आणि तोच मॅप. घरघरीवर अचानक कोरडी, तीक्ष्ण टकटक! आणि त्याच क्षणी लॉगमध्ये दोन नंबरच्या सिलिंडरचं टायमिंग खाली आलं. आत शिरणारी हवा तापली होती, एवढाच फरक. कानानं आणि आलेखानं एकच गोष्ट सांगितली तेव्हा मी सीटवर उडालोच!

खरी गंमत पुढं आहे. तापलेल्या हवेसाठी मॅपमधलं टायमिंग आम्ही थोडं मागं घेतलं. टकटक थांबली आणि गाडी जास्त जोरात ओढू लागली! कारण नॉक झाल्यावर ईसीयू गरजेपेक्षा जास्त माघार घेतो आणि परत यायला वेळ लावतो. थोडं सोडलं की तो माघारच घेत नाही.

नॉकिंग रोखण्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. गंगाखेड, पाथरीच्या गोदाकाठी पिकतो त्याच उसापासून इथेनॉल होतं. त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंग रोखण्याचं माप, शंभराच्या वर, शिवाय बाष्प होताना ते आतली हवा थंड करतं. नॉकिंगला दोन्हीकडून लगाम! म्हणून तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९५ ठरवलाय, आधी साध्या पेट्रोलचा ९१ होता. मात्र जुन्या गाडीचे रबरी भाग त्यात टिकतात का, हे आधी बघायलाच हवं.

गाडी मॉडिफाय करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: बूस्ट वाढवण्याआधी सेन्सर लावा, लॉग घ्या, ऐका. पिस्टन फुटल्यावर कळण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे, आणि यातला आनंद तर विचारूच नका!